एन्कहाउझेन : एका लहान डच बंदराची उन्नती आणि अवनती

सोळाव्या शतकातील गोव्याच्या लोकजीवनाचा विचार करताना यान हाउगेन फान लिन्स्खोटेन या डच प्रवाशाच्या वृत्तान्ताचा आधार अभ्यासकांना वारंवार घ्यावा लागतो. इ. स. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चाकरीस होता. 'इटिनेरारिओ' या नावाने १५९६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ पोर्तुगीज सत्तेच्या अंतरंगाचे एक मोलाचे साधन म्हणून सर्वमान्य आहे. तथापि हा ग्रंथ ज्या नगरात आकारास आला, त्या नगराकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. हॉलंडच्या उत्तर भागातील एन्कहाउझेन हे ते नगर होय. एका पिढीच्या अवधीत या बंदराने युरोपला पूर्वेकडील समुद्रमार्गांचे ज्ञान पुरविले, पूर्वेच्या व्यापारात भांडवल घातले आणि पुढील दीड शतकात आपली दोनतृतीयांश वस्ती गमावली. ज्ञान ज्याने मिळविले त्याच्याकडेच त्याचे फळ का राहिले नाही, हा प्रश्न या नगराच्या इतिहासातून उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना एका लहान गावाच्या कहाणीपलीकडचे काही हाती लागते.

१. दोन वस्त्यांचे एक नगर

एन्कहाउझेन हे आरंभी एक गाव नव्हते. झाउडरझे या उथळ, खाऱ्या आखाताच्या काठी कोळ्यांची एक वस्ती होती आणि तिच्या पश्चिमेस गोमेरकार्स्पेल नावाचे शेतकऱ्यांचे खेडे होते. चौदाव्या शतकाच्या मध्यास, इ. स. १३५५-५६ मध्ये, या दोहोंना मिळून नगराचे अधिकार प्राप्त झाले. एकीकरण कागदोपत्री झाले तरी दोन्ही वस्त्यांचे स्वतंत्र अस्तित्व त्यांच्या देवळांतून टिकून राहिले. समुद्राकडील लोकांचे संत पांक्रास यांचे दक्षिण चर्च आणि शेतकऱ्यांचे संत गोमारस यांचे पश्चिम चर्च अशी दोन मोठी प्रार्थनामंदिरे एवढ्याशा नगरात उभी राहिली. दक्षिण चर्चच्या लाकडी छतावर पंधराव्या शतकाच्या अखेरीची धार्मिक चित्रे आहेत. पश्चिम चर्चची घंटा मंदिरावर नसून शेजारच्या स्वतंत्र लाकडी मनोऱ्यात टांगलेली आहे.

समुद्र आणि शेती ही जोडी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण नगराच्या पुढील सर्व स्थित्यंतरांचे सूत्र तीत आहे. वैभवाच्या काळात समुद्राकडील अर्ध्या नगराने शेतीकडील अर्ध्यास झाकून टाकले. पडत्या काळात शेतीकडील अर्ध्यानेच नगर जगविले.

२. मासा, मीठ आणि पिंपे

नगराच्या मुद्रेवर तीन हेरिंग मासे आहेत, आणि ही मुद्रा केवळ शोभेची नाही. हेरिंग हा कोकणातील तारलीच्या कुळातला मासा. उन्हाळ्याच्या आरंभी त्याचे प्रचंड थवे उत्तर समुद्रात येत. चोवीस जूनच्या संत योहानाच्या सणाच्या सुमारास एन्कहाउझेनची जहाजे शेटलंड बेटांच्या दिशेने निघत आणि थव्यांच्या मागोमाग इंग्लंडचा किनारा धरून दक्षिणेस सरकत. मासा धरल्यावर जहाजावरच त्याचे कल्ले व आतड्याचा भाग काढून तो मीठ लावून पिंपात भरण्यात येई. त्यामुळे जहाजाला आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहता येई आणि माल दूरच्या बाजारापर्यंत टिके.

या एका धंद्याभोवती अनेक धंदे गुंफलेले होते. मीठ फ्रान्स व पोर्तुगालच्या किनाऱ्यांवरून येई. ते शुद्ध करणाऱ्या भट्ट्या नगरात होत्या. पिंपे करणारे, जाळी विणणारे, दोर वळणारे, शिडे शिवणारे आणि जहाजे बांधणारे कारागीर यांची उपजीविका त्याच माशावर चाले. मासा भरून जहाजे बाल्टिक समुद्रात जात आणि धान्य व इमारती लाकूड घेऊन परत. पूर्वेच्या मिऱ्यांचा सुगंध नगरात येण्यापूर्वीच माशाने तेथे नाविक विद्या, भांडवलाची जमवाजमव आणि दूरच्या बाजारांची माहिती या तिन्हींचा पाया घातला होता. डच लोकांच्या पूर्वेकडील व्यापाराचा आरंभ कंपनीच्या सनदेपासून मोजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो याआधीच्या मासेमारीपासून मोजला पाहिजे.

३. बंडाचे वर्ष

स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध नेदरलंड्समध्ये जो उठाव झाला, त्यात एन्कहाउझेनने उडी घेतली ती फार लवकर. २१ मे १५७२ रोजी नागरिकांनी राजनिष्ठ अधिकाऱ्यांना बाजूस सारून ऑरेंजच्या विल्यमचा पक्ष स्वीकारला. बाहेरून आलेल्या बंडखोरांच्या ताब्यात न जाता आपण होऊन असा निर्णय घेणाऱ्या हॉलंडमधील नगरांत त्याचा पहिला मान आहे. या निर्णयाचे कारण केवळ धर्मश्रद्धेत शोधणे अपुरे ठरेल. युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले होते, मासेमारी अडली होती, आणि बंदरातील कामकरी वर्ग उपासमारीच्या छायेत होता.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५७३ मध्ये, एन्कहाउझेन, होर्न व शेजारची नगरे यांच्या जहाजांनी काउंट बोस्यू याच्या राजकीय आरमाराचा झाउडरझेवर पराभव केला. अ‍ॅमस्टरडॅम मात्र १५७८ पर्यंत राजाच्या पक्षास चिकटून राहिले. या मधल्या वर्षांत मोठ्या शेजाऱ्याचा व्यापार कोंडला गेला आणि लहान बंदरांना मोकळे रान मिळाले. झाउडरझेतील वाटा दाखविणारे खांब व तरते पिंप यांच्या देखभालीसाठी जहाजांकडून घेण्यात येणारा कर पूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या हाती होता. तोही एन्कहाउझेनकडे आला. नगराच्या उत्कर्षाचा हा काळ अशा रीतीने त्याच्या स्वतःच्या धडाडीवर जितका, तितकाच प्रतिस्पर्ध्याच्या तात्पुरत्या अडचणीवर उभा होता.

४. चार माणसे

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या नगरात एकमेकांस पूरक अशी चार माणसे वावरत होती. त्यांपैकी लूकास यान्सझोन वागेनार हा तांडेल होता. पुढे तो बंदरात जकातीच्या वसुलीचे काम करी. १५८२ मध्ये ते त्याच्या हातून गेले. १५८४ साली त्याने पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांच्या सागरी नकाशांचा पहिला छापील संग्रह प्रसिद्ध केला. समुद्रावरून किनारा कसा दिसतो, पाणी किती खोल आहे, कोणत्या खुणा एका रेषेत आणल्या म्हणजे वाट सापडते, हे सर्व त्यात एकत्र होते. १५८८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. पुढे अशा कोणत्याही नकाशासंग्रहाला इंग्रज खलाशी त्याच्याच नावावरून 'वॅगनर' म्हणू लागले.

दुसरा बेर्नार्डुस पालुडानस हा वैद्य. इटली आणि पूर्व भूमध्य प्रदेशात प्रवास करून आलेला हा विद्वान १५८६ पासून नगराचा अधिकृत वैद्य होता. शंख, खनिजे, बिया, वाळविलेल्या वनस्पती, परदेशी वस्त्रे व शस्त्रे यांचा त्याचा संग्रह पाहण्यास दूरदूरचे लोक येत. लाइडन विद्यापीठाने आपल्या नव्या वनस्पतिउद्यानासाठी त्याला पाचारण केले होते, परंतु त्याने एन्कहाउझेन सोडले नाही.

तिसरा डिर्क गेरिट्सझोन पोम्प. हा लहानपणी लिस्बनला गेला, पुढे पोर्तुगीजांच्या नोकरीत गोव्यास पोचला आणि तेथून तोफखान्यावरील गोलंदाज म्हणून चीन व जपानपर्यंत जाऊन आला. १५९० मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला 'डिर्क चायना' हे नाव दिले. त्याने सांगितलेली माहिती वागेनारने आपल्या १५९२ च्या दुसऱ्या ग्रंथात समाविष्ट केली.

चौथा लिन्स्खोटेन. त्याचा जन्म हार्लेमचा, परंतु कुटुंब एन्कहाउझेनला येऊन राहिलेले. तरुणपणी तो स्पेनमध्ये भावाकडे गेला. नंतर आर्चबिशप झोआंव व्हिसेंत द फोन्सेका याच्या परिवारात दाखल होऊन १५८३ च्या सप्टेंबरात गोव्यास उतरला. मालकाचा समुद्रप्रवासात मृत्यू झाल्याने त्याचा आश्रय सुटला. १५८८ च्या अखेरीस त्याने गोवा सोडले आणि वाटेत अझोर्स बेटांत दोन वर्षे अडकून १५९२ मध्ये तो घरी पोचला.

गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळी भरणारा बाजार त्याने बारकाईने वर्णिला आहे. तेथे अरबी घोडे, मसाले, वस्त्रे आणि माणसेही बोली लावून विकली जात. या विक्रीसाठी त्याने वापरलेला शब्द पोर्तुगीज 'लेलांव' हा होय. मराठीतील 'लिलाव' हा शब्द त्याच मुळातून आला आहे. आंबा, फणस, काजू, जांभूळ, विड्याचे पान यांचे वर्णन त्याने केले. ब्राह्मण, वाणी, कानडी शेतकरी यांच्या चालीरीती नोंदविल्या आणि निजामशाही व आदिलशाहीच्या प्रदेशांविषयी ऐकीव वृत्तान्त दिला. त्याचे सर्वच निरीक्षण प्रत्यक्ष नव्हते. हिंदुस्थानात त्याचा संचार बेताचा होता, आणि वनस्पतींविषयीची बरीच माहिती गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथाच्या परंपरेतून आलेली आहे. त्या भागांवर टिपणे लिहिली ती पालुडानसने. म्हणजे गोव्यातील एका कारकुनाच्या आठवणींना शास्त्रीय ग्रंथाचे रूप मिळाले ते एन्कहाउझेनमधील एका वैद्याच्या सहवासात.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने मात्र ग्रंथाचा महत्त्वाचा भाग वेगळाच होता. पोर्तुगीज तांडेलांची मार्गदर्शक टिपणे लिन्स्खोटेनने गोळा केली होती. ती 'इटिनेरारिओ'च्या आधी, १५९५ मध्ये, स्वतंत्रपणे छापून झाली. मलाक्काच्या सामुद्रधुनीतील पोर्तुगीज ठाणे टाळून सुंदा सामुद्रधुनीने जावा बेट गाठता येईल, हे त्यांतून कळत होते. त्याच वर्षी हाउटमनच्या नेतृत्वाखाली जी पहिली डच जहाजे पूर्वेकडे निघाली, त्यांच्याजवळ ही टिपणे होती. एका शतकाचे पोर्तुगीज गुपित बाजारात विकत मिळू लागले.

५. कंपनीतील वाटा

वागेनारचा पहिला ग्रंथ लाइडनमध्ये छापला गेला, आणि लिन्स्खोटेनचा अ‍ॅमस्टरडॅममध्ये. ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटते, परंतु पुढील इतिहासाची दिशा तीत दिसते. माहिती एन्कहाउझेनमध्ये जमा होत होती. ती छापून विकण्याचे आणि तिच्यावर जहाजे पाठविण्याचे साधन दुसरीकडे होते.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक एन्कहाउझेनला मिळाली. कंपनीचे एकूण भांडवल ६४,२४,५८८ गिल्डर होते. त्यापैकी ५,४०,००० गिल्डर एन्कहाउझेनच्या शाखेत जमा झाले. अ‍ॅमस्टरडॅम व झीलंड यांच्या खालोखाल हा आकडा होता. शेजारच्या होर्न शाखेचा आकडा २,६६,८६८ म्हणजे याच्या निम्म्याहून कमी होता. असे असूनही जहाजे पाठविण्यात व माल वाटून घेण्यात चारही लहान शाखांना प्रत्येकी एक सोळांश भाग ठरवून देण्यात आला, अ‍ॅमस्टरडॅमला अर्धा आणि झीलंडला चतुर्थांश. मुख्य मंडळाच्या सतरा जागांपैकी आठ अ‍ॅमस्टरडॅमकडे आणि एक एन्कहाउझेनकडे होती.

येथे घाईने निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. अ‍ॅमस्टरडॅमने ३६,७४,९१५ गिल्डर, म्हणजे निम्म्याहून अधिक भांडवल दिले होते. भांडवलाच्या मानाने त्याचाही वाटा कमीच ठेवला होता. मोठ्या नगराची मक्तेदारी होऊ नये हाच या व्यवस्थेचा हेतू होता. फरक पडला तो सनदेबाहेरच्या गोष्टींमुळे. अ‍ॅमस्टरडॅमजवळ १६०९ पासून विनिमय बँक, १६११ पासून शेअरबाजाराची इमारत, विमेवाले, वखारी आणि सर्व युरोपातील खरेदीदार होते. त्याच्या दृष्टीने कंपनी ही अनेक व्यवहारांपैकी एक होती. एन्कहाउझेनला मात्र मासा वगळता तेवढाच एक मोठा आधार होता.

या व्यापाराची दुसरी बाजूही सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. १६२१ मध्ये होर्नच्या यान पीटरसझोन कून याने जायफळाच्या मक्त्यासाठी बांदा बेटांवरील बहुसंख्य रहिवाशांचा संहार केला किंवा त्यांना देशोधडीस लावले. त्या मालाचा सोळावा हिस्सा एन्कहाउझेनच्या धक्क्यावर उतरण्यास पात्र होता. कोकणच्या किनाऱ्यावर १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास डचांची वखार उभी राहिली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आरमारास रसद पुरविणे हे तिच्या कामांपैकी एक होते. लिन्स्खोटेनने ज्या गोव्याच्या बाजाराचे कौतुकाने वर्णन केले, त्याच गोव्याची कोंडी करण्यास त्याच्या देशबांधवांना त्याच ज्ञानाचे साह्य झाले.

६. रिकामे होत गेलेले नगर

१६२२ च्या शिरगणतीत एन्कहाउझेनची वस्ती वीस हजारांच्या वर होती. त्याआधी, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, नगराची तटबंदी बाहेर सरकवून नवे कालवे व रस्ते आखण्यात आले होते. वाढ अशीच चालू राहील, हा त्या आखणीमागील विश्वास होता. १७९५ मध्ये मोजदाद झाली तेव्हा वस्ती सुमारे सात हजारांवर आली होती.

या अवनतीचे कारण म्हणून बंदरात साचणारा गाळ नेहमी पुढे केला जातो. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या तोंडाशी असलेला पाम्पुसचा उथळ भाग याहून त्रासदायक होता. तेथे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांच्या दोन्ही बाजूंस पाण्याने भरलेली लाकडी पेटारे बांधून, मग पेटाऱ्यांतील पाणी उपसून, जहाज उचलून पलीकडे नेत. एवढा खर्च करणे अ‍ॅमस्टरडॅमला परवडत होते. गाळ दोन्ही ठिकाणी होता. तो काढण्याचे किंवा त्यावर मात करण्याचे कारण आणि द्रव्य एकाच ठिकाणी होते.

मासेमारीला युद्धांनी ग्रासले. डंकर्कचे चाचे, इंग्लंडशी झालेली युद्धे आणि १७०३ मध्ये शेटलंडजवळ फ्रेंचांनी जाळलेला ताफा यांनी एकामागून एक आघात केले, आणि हेरिंगचा धंदा क्रमाने दक्षिणेस मास नदीच्या मुखाकडील नगरांत गेला. माणसेही गेली. बैलाच्या चित्रामुळे विख्यात झालेला चित्रकार पाउलस पोटर १६२५ मध्ये एन्कहाउझेनला जन्मला. परंतु त्याचे कुटुंब त्याच्या बालपणीच तेथून निघून गेले. पालुडानस १६३३ मध्ये वारल्यावर त्याच्या संग्रहातील बराच भाग १६५१ मध्ये गोटोर्पच्या ड्यूकने विकत घेतला. ग्रंथ, माणसे आणि वस्तू या सर्वांनी एकाच दिशेने, बाहेरच्या दिशेने, प्रवास केला.

यातील लक्षणीय गोष्ट अशी की, नगराच्या कारभाऱ्यांना हा उतार लगेच उमगला नाही. श्टेवन फेनेकोल या वास्तुविशारदाने आखलेले भव्य नगरभवन १६८६ ते १६८८ या काळात उभे राहिले, म्हणजे घरे ओस पडू लागल्यानंतर. कंपनी १७९९ च्या अखेरीस विसर्जित झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रिकामी घरे पाडून त्यांच्या विटा विकण्यात येत होत्या आणि तटबंदीच्या आत गुरे चरत होती. नगराचा पश्चिमेकडील भाग आजही 'शेतकऱ्यांचा कोपरा' या अर्थाच्या नावाने ओळखला जातो; गोमेरकार्स्पेलची जुनी शेतकरी वस्ती अशा रीतीने तटाच्या आत पुन्हा प्रकट झाली.

७. समुद्राविना बंदर

१८८५ मध्ये लोहमार्ग आला आणि पुढील वर्षी पैलतीरावरील स्टाव्होरेनपर्यंत आगबोटीची फेरी सुरू झाली. त्यामुळे नगराला थोडी जाग आली. आसपासच्या सुपीक जमिनीत भाजीपाल्याचे व फुलांचे बियाणे पिकविण्याचा आणि ते परदेशी पाठविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीस लागला. आज कोबी, टोमॅटो, मिरची इत्यादींचे सुधारित बियाणे तयार करणाऱ्या मोठ्या संस्था या परिसरात आहेत.

समुद्राचा शेवट मात्र १९३२ मध्ये झाला. १९१६ च्या महापुरानंतर कॉर्नेलिस लेली याच्या योजनेस कायद्याची मान्यता मिळाली आणि २८ मे १९३२ रोजी सुमारे बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधाने झाउडरझेचे तोंड बंद झाले. खारे आखात गोड्या पाण्याचे सरोवर बनले. पूर थांबले, नवी जमीन मिळाली. पण आखातातील हेरिंग नाहीसा झाला आणि कोळ्यांच्या हाती मुख्यतः वाम मासा उरला. सरकारने नुकसानभरपाईचा कायदा १९२५ मध्येच केला होता, परंतु पिढीजात धंद्याचे मोल भरपाईने पुरते फिटत नाही.

नष्ट होणाऱ्या या जीवनाची स्मृती जपण्यासाठी १९४८ मध्ये झाउडरझे संग्रहालयाची स्थापना झाली. त्याचा पहिला विभाग १९५० मध्ये उघडला, तो कंपनीची मिरे साठविण्याची जुनी वखार 'पेपरहाउस' येथे. १९८३ मध्ये त्याला खुल्या संग्रहालयाची जोड मिळाली. आखाताच्या काठच्या गावांतून हलवून आणलेली घरे, कोळ्यांच्या झोपड्या आणि दुकाने तेथे मांडलेली आहेत. बंदराच्या तोंडाशी १५४० मध्ये बांधलेला 'ड्रोमेडारिस' हा बुरूज आजही उभा आहे आणि त्याच्या घंटांचा नाद ठरलेल्या वेळी ऐकू येतो. नगराच्या रस्त्यांची व कालव्यांची जुनी आखणी जवळजवळ जशीच्या तशी टिकली आहे. पुन्हा बांधावयास द्रव्य नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होय. नगराची वस्ती १६२२ च्या आकड्यास अजूनही पोचलेली नाही.

उपसंहार

एन्कहाउझेनचा ऱ्हास विलासाने किंवा आळसाने झाला, असे म्हणण्यास आधार नाही. वागेनार, पालुडानस, पोम्प आणि लिन्स्खोटेन यांच्या नगरात उद्योग व जिज्ञासा यांची वाण नव्हती. परंतु ज्ञान हे मासळीप्रमाणे पिंपात बंद करून ठेवता येत नाही. ते छापले गेले की ज्याच्याजवळ भांडवल, बाजार आणि जहाजे असतील त्याच्या कामी येते. लिन्स्खोटेनने पोर्तुगीजांच्या बाबतीत जे केले, तेच अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजाराने एन्कहाउझेनच्या बाबतीत केले. फरक इतकाच की दुसऱ्या प्रसंगी कोणी गुपित फोडावे लागले नाही.

गोव्याच्या आणि कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक व्यावहारिक बोधही मिळतो. परकीय प्रवाशाचा ग्रंथ साधन म्हणून वापरताना त्याने काय पाहिले एवढेच तपासून भागत नाही. तो कोणत्या गावी परतला, तेथे त्याच्या शेजारी कोण बसले होते आणि ग्रंथ कोणाच्या उपयोगासाठी छापला गेला, हेही पाहावे लागते. लिन्स्खोटेन १५९७ पासून नगराचा खजिनदार होता आणि ८ फेब्रुवारी १६११ रोजी त्याच नगरात वारला. त्याच्या ग्रंथातील आंब्याचे आणि लिलावाचे वर्णन वाचताना, ते मांडवीच्या तीरावर पाहिले गेले असले तरी झाउडरझेच्या तीरावर लिहिले गेले आहे, याचे स्मरण ठेवणे आवश्यक ठरते.